खोल खोवलेली रोपं

रोज सकाळी कामावर जाताना थोरली काकू बी चेंगलिन नावाच्या मालकाच्या फाटकासमोर थांबायची आणि विचारायची, "त्या दिवशी वानशुनला जा कोण म्हणालं?"

ओरडून नाही. शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागावं तशा आवाजात. आतून कुत्रा भुंकायचा. कधी बीची बायको भांडी धुतलेलं पाणी फाटकाखालून बाहेर लोटायची. काकू पाय थोडा बाजूला घ्यायची, इतकंच. मग डोक्याचा रुमाल आवळून ती त्याच बी चेंगलिनच्या शेडमध्ये जायची आणि त्याच्याच दोरांवर त्याचीच समुद्री रोपं खोवत दिवसभर बसायची. गावात दुसरं काम नव्हतं. किनाऱ्यापासून नजर पोचेल तिथवर जे काळे बोये रांगांनी तरंगत होते, ते जवळजवळ सगळे बीचे होते.

सुरुवातीला लोक थांबून ऐकायचे. मग त्यांनी रस्ता बदलला. पुढे तो प्रश्न कोंबड्याच्या आरवण्यासारखा झाला. तो रोज कानावर पडायचा आणि ऐकत कुणीच नसे. शाळेतल्या पोरांनी त्याचा खेळ केला. एक विचारायचा, "जा कोण म्हणालं?" दुसरा "तुझी आजी!" म्हणत पळायचा.

मला त्या पोरांचा राग यायचा. मोठ्यांचा त्याहून जास्त. आणि सगळ्यात जास्त माझ्या बाबांचा, कारण बाबांना उत्तर माहीत होतं.

थोरली काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, तांग वानशुनची बायको. तिचं नाव लुआन मेईरोंग. आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवते, पण तिला त्या नावाने हाक मारणारं गावात जवळजवळ कुणी नव्हतं. एका अंगणात आमची दोन घरं होती, दोन्हीवर समुद्रगवताची जाड छपरं, आणि मधे एक विहीर. माझं निम्मं बालपण तिच्या खालून जाळ करून तापवलेल्या झोपायच्या ओट्यावर, तिच्या रजईत गेलं.

ती डोंगरातली, सफरचंदांच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. किनाऱ्यावर हायदाई, ते खायचं समुद्री शेवाळ, वाळत पडली होती. माणसाहून लांब, तपकिरी, चामड्यासारखी पानं, मैलभर. तिने नवऱ्याला विचारलं, "एवढी जनावरं मारली कुणी?" वानशुनकाका इतके हसले की त्यांना वाळूत बसावं लागलं. ही गोष्ट ते पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि काकू प्रत्येक वेळी त्यांच्या पाठीत धपाटा घाले.

दुसऱ्या दिवशी तिने त्याहून मोठा घोटाळा केला. काका धक्क्यावर होडी तयार करत होते. ती त्यांचा डबा घेऊन गेली आणि सरळ होडीत उतरली. आजूबाजूच्या माणसांचे हात जागच्या जागी थांबले. आमच्या गावात बाई होडीवर चढत नाही. चढली तर ती होडी त्या दिवशी पाण्यात जात नाही, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या होड्याही जात नाहीत. माझी आजी धावत आली, पेटत्या गवताची चूड घेऊन तिने होडीभर धूर केला आणि नव्या सुनेला सगळ्या धक्क्यादेखत सोलून काढलं. "डोंगरातली आणलीये आम्ही! उद्या चुलीत बसेल आणि म्हणेल, मला काय ठाऊक!"

काका मात्र वल्हं खांद्यावर टाकून तिच्यामागे घरी आले. "बरं केलंस," ते म्हणाले. "लग्नाची सुट्टी मागायला मला लाज वाटत होती."

त्या मोकळ्या दिवशी त्यांनी तिला हायदाईची कूळकथा सांगितली. हे पान इथलं नाही. पलीकडच्या थंड समुद्रातून, होक्काइदोकडून, जहाजांच्या बुडाला चिकटून आणि लाकडाच्या ओंडक्यांबरोबर ते पणजोबांच्या काळात उत्तरेच्या बंदरात आलं. पुढे कुणीतरी ते दोरावर टांगून वाढवायला शिकलं, आणि मग आमच्या किनाऱ्यावर आणलं. त्याआधी इथल्या कुणाच्या आजीने ते ताटात पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ही पण बाहेरचीच," काकू म्हणाली.

"हो. पण हिने कधी माहेराचं रडगाणं लावलं नाही."

"तिला विचारलं होतं का कुणी?"

त्या दोघांचं वर्ष त्या पानाच्या वर्षाला बांधलेलं होतं. उन्हाळा भरात येण्याआधी उत्तम पानं निवडून मागे ठेवायची. ती बियाण्याची. बाकीची सगळी कापून वाळवायची, कारण पाणी तापलं की पान सडतं. निवडलेली पानं काचेच्या छपराखाली गार पाण्याच्या टाक्यांत जातात. पानांवर गडद चट्टे आलेले असतात. त्यांतून धूळ सुटते, डोळ्यांना न दिसणारी, आणि टाकीतलं पाणी पातळ चहासारखं होतं. ती धूळ पोहते, टाकीत पसरलेल्या काथ्याच्या दोऱ्यांवर बसते. तिच्यातच नर, तिच्यातच मादी. त्यांच्या मीलनातून पुन्हा नवं पान सुरू होतं, सुईच्या टोकाहून लहान. शरद ऋतूत समुद्र निवला की ती पिल्लं बाहेर येतात, आणि वीतभर झाली की आमच्या बायकांच्या हातात.

मग खोवणी. जाड दोराचा पीळ अंगठ्याने उघडायचा, रोपाचं मूळ त्यात सरकवायचं, पीळ सोडायचा. दोर आपोआप मूळ धरतो. सगळी मेख तिथेच आहे. हायदाई शेंड्याकडून वाढत नाही, बुडाकडून वाढते. देठ संपून पान सुरू होतं, ती बोटभर जागा जिवंत. शेंडा म्हणजे म्हातारपण, तो लाटांत झिजत जातो. म्हणून पिळात फक्त मूळ जायला हवं. ती जिवंत जागा दोरात चिमटली, तर रोप आतल्या आत कुजतं, आणि वरून कित्येक दिवस काही कळत नाही. इथल्या पाच वर्षांच्या मुलीलाही हे माहीत असतं. काकूला ते काकांनी जुन्या दोराच्या तुकड्यावर, कांद्याची पात खोवून शिकवलं होतं.

हिवाळा सरत आला की दोर उलटे करायचे. खालच्या टोकाची पानं अंधारात फिकी पडलेली असतात, त्यांना वर आणायचं, वरच्यांना खाली पाठवायचं. ते पुरुषांचं काम. लहान होडी, बर्फासारखं पाणी, आणि कमरेपर्यंत वाकून ओढायचे जड दोर.

त्या कामात वानशुनकाका गेले.

उत्तरेचा वारा सुटला होता. बाकीच्या होड्या परतल्या होत्या. बी चेंगलिनच्या शेवटच्या काही रांगा उलटायच्या राहिल्या होत्या. बाबांचा हात दोराने कापला होता, म्हणून ते धक्क्यावरच होते, बी आणि काका यांच्यापासून वल्ह्याच्या अंतरावर. काका एकटे गेले. होडी संध्याकाळी उलटी मिळाली. काका काही दिवसांनी मिळाले, दोरांच्या आत, पानांमध्ये गुंडाळलेले. पानं सोडवून त्यांना वेगळं करावं लागलं. त्यानंतर काकूने हायदाई कधी शिजवली नाही.

चौकशीला माणसं आली तेव्हा बीने आधीच सगळं सांगून टाकलं होतं. "मी साफ नको म्हटलं होतं. पण तो प्यायला होता. रागारागाने गेला."

काकूला सगळ्यात आधी हसू आलं, असं आई सांगायची. कारण काकांनी दारू प्यायचा प्रश्नच नव्हता. लग्नात कुणीतरी एक पेला पाजला तेव्हा त्यांचं तोंड वाफवलेल्या पावासारखं फुगलं होतं, अंगभर गांधी उठल्या होत्या. गावाला हे माहीत होतं. गावाने मान डोलावली आणि बीचं खरं धरलं. पुढच्या हंगामात बीची होडी हवी होती प्रत्येकाला.

बाबांना विचारलं गेलं. ते म्हणाले, "मी पाठमोरा होतो. वाऱ्यात ऐकू आलं नाही."

त्या रात्री काकूने विहिरीपाशी त्यांना गाठलं. "तू ऐकलंस."

बाबांनी बादली खाली सोडली.

"माझ्याकडे बघ. ऐकलंस ना?"

"वहिनी, घरात लहान पोर आहे," बाबा म्हणाले.

ते लहान पोर म्हणजे मी. पुढे कित्येक वर्षं हा शब्द मला घशात काट्यासारखा टोचला. माझ्या नावाने एक खोटं उभं केलं होतं, आणि त्यावर माझं जेवण शिजत होतं. काकूने त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांच्याशी ती फक्त कामाचं बोलायची. विहिरीचा दोर झिजलाय. छपराच्या कोपऱ्यात पाणी मुरतंय. वेगळी चूल मांडली नाही, शाप दिला नाही. फक्त त्यांच्या ताटात वाढताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत नसे.

बीने मैद्याची पोती पाठवली. तिने ती पाठीवरून नेऊन त्याच्या फाटकात रिकामी केली. त्यावर रात्री पाऊस पडला आणि फाटकाला आठवडाभर खळ चिकटून राहिली. दुसऱ्या सकाळपासून तो प्रश्न सुरू झाला.

आई तिला म्हणायची, "माहेरी जा ना, जाऊबाई. सफरचंदं तोडा, सुखाने राहा. इथे काय ठेवलंय?"

"मी गेले तर त्याला झोप लागेल," काकू म्हणायची.

शेडमध्ये ती मुद्दाम दाराजवळ बसे. बीला आत यायचं तर तिच्या गुडघ्यांना वळसा घालूनच यावं लागे. शेजारी सुंग मावशी. हाताची बोटं चालतील त्याच्या दुप्पट तोंड चालणारी. "तुझा तो प्रश्न ना मेईरोंग, आता त्याच्या कुत्र्याला पण पाठ झालाय. एक दिवस तोच उत्तर देईल बघ."

"देऊ दे. कुत्रा खोटं बोलत नाही."

"आणि बी?"

"तो भुंकत पण नाही नीट."

शेडभर हशा पिकायचा. बी दारात असला तर हशा चटकन विझायचा. त्या विझण्याचाही मला राग यायचा. पण सुंग मावशी काकूला नावाने हाक मारणारी एकटीच होती, एवढं खरं.

असं ते चालत राहिलं असतं. मग वसंतातली ती मेजवानी झाली, धान्यपाऊस या सणाला समुद्राला डुक्कर वाहून करतात ती. त्या वर्षी मेजवानी बीची होती. तांबड्या कापडावर अख्खं डुक्कर, डोंगरासारखे रचलेले पाव, फटाके, आणि दारूचे बुधले. बीने पेला उचलला. तो चांगलाच रंगात आला होता. समुद्राचे आभार मानले, होड्यांना आयुष्य मागितलं, आणि मग म्हणाला, "इतक्या वर्षांत आपण एकच माणूस गमावला. तोही पाण्याने नाही नेला, बाटलीने नेला! पोरांनो, वानशुन होऊ नका!" उरलेली दारू त्याने लाटेत ओतली. "घे रे बाबा, तुला आवडायची."

पुरुष हसले. सगळे नाही, पण पुरेसे. आणि बाबांनी आपला पेला तोंडाला लावला. मी पाहिलं.

काकू बायकांच्या बाजूला पाव वाटत होती. तिने टोपली खाली ठेवली, वरचं फडकं नीट केलं, आणि ती घरी गेली. दुसऱ्या सकाळी नेहमीच्याच आवाजात तिने फाटकासमोर नेहमीचाच प्रश्न विचारला. आईला वाटलं, सोसलं बाईने हेही.

तिने ते थंडीपर्यंत जपून ठेवलं होतं.

त्या हंगामात मी तालुक्याच्या शाळेत राहत होते. पुढचं मला तिने स्वतः सांगितलं, दिवस बरेच उलटल्यावर, शिंपल्या निवडता निवडता. खोवणी सुरू झाली आणि ती ठरवून रोपं खोल बसवायला लागली. एका नखाचा फरक. मूळ आत, देठ आत, आणि ती जिवंत जागाही आत. वरून दोर भरगच्च, देखणा दिसायचा.

"हात ऐकत नव्हते गं," ती म्हणाली. "पहिले काही दोर बरोबरच होऊन गेले. मनात शिव्या घालतेय, आणि हात आपले नीट खोवतायत. मग उपसून पुन्हा खोवले. वाईट करायलासुद्धा शिकावं लागतं."

"पश्चात्ताप झाला?"

"तेव्हा? तेव्हा गोड वाटलं. गुळासारखं."

हिवाळा बसल्यावर बीची माणसं दोर बघायला गेली. तिच्या बाकावरचे कितीतरी दोर जवळजवळ बोडके निघाले. पिळांत नुसते मऊ, पांढुरके, वास मारणारे खुंट. बीने त्यातला एक दोर शेडमध्ये आणून जमिनीवर आपटला.

"कुणाचे हात हे?"

दोर ज्या ढिगात पडतात तिथे कुणाचा कुठला ते कळत नाही. बाक एवढा कळतो.

"ठीक आहे. हा अख्खा बाक उद्यापासून घरी. आणि दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये दिसलात तर मी आहे आणि तो शेडवाला आहे."

त्या बाकावर सुंग मावशी होती. तिचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला होता. मावशी कधी रडताना कुणी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी ती गल्लीच्या मधोमध उभी राहून, ज्या कुणी हे केलं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. काकू घरात ज्वारीची पेज ढवळत होती. आई म्हणते, पेज करपली तरी ती ढवळतच होती.

सकाळी बर्फ होता. उत्तरेचा वारा असा की धक्क्यावरच्या दोऱ्या शीळ घालत होत्या. पण बीला दम नव्हता. राखून ठेवलेली थोडी रोपं त्याने रातोरात नव्या दोरांवर खोवून घेतली होती, आणि ती पाण्याबाहेर टिकणार नव्हती. बोडक्या जागी ती आजच टांगायची होती. त्याने माणसांना निरोप धाडले. हिवाळ्याच्या सुट्टीसाठी मी आदल्याच रात्री उशिरा घरी आले होते. बाबा ओट्याच्या कडेला बसून रबरी बूट चढवत होते. आई म्हणाली, "या वाऱ्यात?" ते म्हणाले, "बोलावलंय."

काकू अंगणात होती. तिने बाबांच्या हातातलं वल्हं पाहिलं. मग ती चालायला लागली. मी तिच्यामागे. बीच्या फाटकापाशी ती थांबली नाही. कुत्रा भुंकायला तयार उभा होता, तो तसाच राहिला.

धक्क्यावर लहान होड्या एकामागे एक बांधलेल्या होत्या, पुढे ओढणारी इंजिनाची होडी. माणसं ओले दोर चढवत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काकू सरळ पायऱ्या उतरली, पहिल्या होडीत पाय टाकला, आणि दोरांच्या ढिगावर जाऊन बसली. जाड कापसाचा कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर हात. बाजारला निघाल्यासारखी.

"वहिनी," बाबा म्हणाले, "उतर."

"नाही."

"अगं, होडी बाटली!" कुणीतरी ओरडलं. एकाने हातातला दोर खाली टाकला. दुसरा तर धक्क्यावर चढूनही गेला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

बी चेंगलिन धावतच आला. "कोण आहे ती? उतरवा तिला!"

"हात लावून दाखव," काकू म्हणाली. "आणि आधी ऐक, चेंगलिन. तुझे दोर मी बोडके केले. सुंगने नाही, बाकावरच्या कुणी नाही. ह्या हातांनी. एकेक रोप गळ्यापर्यंत दाबलं. आता सांग, त्यासाठी ह्या माणसांना बुडवणार आहेस?"

बीच्या तोंडावर रक्त चढलं. "तू! माझं खाऊन माझंच... खाली उतर! रोपं मरतायत!"

"मरू देत. त्यांचा काही दोष नव्हता, पण मरू देत."

"पुरुषांच्या कामात तू कोण? ह्या असल्या वाऱ्याने कुणी मरत नाही! वानशुनलासुद्धा मी हेच सांगितलं होतं, जा, एवढ्याशा वाऱ्याने कुणी मरत नाही, आणि तो मुकाट्याने गेला, तुझ्यासारखा तमाशा..."

तिथे त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

बर्फ बीच्या उघड्या डोक्यावर पडत होता. काकूने मान जराशी वाकडी केली, उकळी आली का हे ऐकावं तशी.

बाबांनी वल्हं धक्क्यावर ठेवलं. आवाज फार झाला नाही. "हेच शब्द होते," ते म्हणाले. "त्या दिवशीही. मी ऐकले होते."

"फुटली का तुला वाचा," काकू म्हणाली. त्यांच्याकडे न बघता.

ती उठली, होडी डुचमळली, तिने कुणाचाही हात न घेता पाय वर टाकला. जाताना बीच्या समोर थांबली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "सुंगला कामावर घे," आणि चालू पडली.

त्या दिवशी एकही होडी गेली नाही. दुपारपर्यंत वारा इतका वाढला की बोयांची एक अख्खी रांग सुटून खडकांवर आली.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती आनंदाने सांगता आली असती. बीला काही झालं नाही. वरच्या लोकांनी सांगितलं, जुनं प्रकरण आहे, रागात माणूस काहीही बोलतो. त्याचे बोये आजही तरंगतात, रांगा वाढल्या आहेत. पुढच्या वसंतात त्याने पुन्हा डुक्कर वाहिलं आणि बहुतेकांनी त्याची दारू पुन्हा प्यायली. फक्त वानशुनकाकांचं नाव कुणी त्या पेल्याबरोबर काढलं नाही. धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडून घरोघर गेलेला शब्द परत पेल्यात ओतता येत नव्हता, म्हणून. लाज वाटली म्हणून नाही. बाबा बीच्या कामावर परत गेले नाहीत. ते दुसऱ्या गावच्या शेडमध्ये दोर वळायला लागले. त्यांना मी माफ केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाकावरच्या बाकीच्या कामावर परतल्या, काकूला मात्र कुणी शेडमध्ये घेतलं नाही. बीने सांगितलं म्हणून नव्हे. बायकांनीच नको म्हटलं. रोप जाणूनबुजून मारणारा हात त्यांना शेजारी नको होता. सुंग मावशीने चार जणींसमोर तिच्या थोबाडीत मारली. "भांडण तुझं त्याच्याशी होतं! माझ्या चुलीत का पाणी ओतलंस?"

काकूने गाल चोळला. "बरोबर आहे तुझं. पण एवढीच एक. दुसरी मारलीस तर मीही मारीन."

ओहोटीच्या चिखलात ती शिंपल्या उकरायला लागली. गवताची छपरं शाकारायला पुरुषांच्या हाताखाली जायची. सकाळी फाटकासमोरून जाताना ती थांबत नसे. पण चाल तिथे किंचित मंद होई, आणि बी घरात असला तर खिडकीचा पडदा हलायचा, असं लोक सांगतात. प्रश्न गेला होता, त्याला सवय राहिली होती.

तिचा राग निवला असं म्हणायला मला आवडणार नाही. ती शेवटपर्यंत रागीटच राहिली. भाजीवाल्यावर, टीव्हीवरच्या बातम्यांवर, ओल्या सरपणावर. फक्त त्या एका जागी आता राग नव्हता. तिथे वानशुनकाका होते, शुद्धीत, हातात वल्हं घेतलेले.

ती गेली ती शरदात, रोपांचे ट्रक यायच्या दिवसांत. मी शहरातून आले होते. ती ओट्यावर पडून होती, खाली जाळ केला होता. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते आणि ओल्या काथ्याचा वास खिडकीतून आत येत होता. सुंग मावशी आली होती, भिंतीला टेकून बसली होती, दोघी एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात पावासाठी कणीक मळून ठेवली आणि हात पुसत काकूपाशी आले. तिने डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"कणीक झाकलीस का? दार सताड उघडं आहे. वर पापुद्रा धरेल."